मोटारीचे चरित्र : ‘ओल्ड नंबर वन’ आणि अस्सलपणाचा प्रश्न

१

एखादी वस्तू कोणकोणत्या हातांतून गेली, हे शोधणे इतिहासकाराला बहुधा जमते. ती वस्तू आजही ‘तीच’ आहे काय, हे ठरवणे मात्र कठीण असते. हस्तलिखिते, चित्रे, मंदिरे व वाडे यांच्या संदर्भात हा प्रश्न अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. विसाव्या शतकातील यंत्रांच्या बाबतीत तो क्वचितच विचारला जातो. कारण झिजलेला भाग काढून नवा बसवायचा, हे यंत्राच्या कल्पनेतच अनुस्यूत असते. यंत्र चालते आहे, एवढ्यावर त्याच्या मालकाचे समाधान होते. परंतु तेच यंत्र काही दशकांनी संग्राह्य वस्तू ठरले, त्याला नाव व कीर्ती लाभली आणि त्याची किंमत त्याच्या उपयोगाशी संबंध न ठेवता वाढू लागली, की हस्तलिखिताला विचारले जाणारे सर्व प्रश्न त्यालाही विचारावे लागतात.

‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली मोटारीच्या बाबतीत नेमके हेच घडले. उघड्या बॉडीची ही ब्रिटिश मोटार फ्रान्समधील ‘ल मां’ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. साठ वर्षांनंतर तिच्या विक्रीचा वाद इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेला आणि समोर उभी असलेली गाडी ही ‘ती’ गाडी आहे की नाही, याचा निवाडा न्यायमूर्तींना करावा लागला. या मोटारीची घडण, तिची मालकी आणि तिच्यावरून झालेला वाद यांचा मागोवा घेऊन, ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन संकल्पनांमधील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. साहित्याच्या तौलनिक अभ्यासात या दोन संकल्पना वारंवार एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, म्हणून हे अंतर पाहणे अगत्याचे आहे.

२

वॉल्टर ओवेन बेंटली यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या कंपनीचा कारखाना लंडनच्या क्रिकलवुड भागात होता. १९२१ पासून तिच्या तीन लिटर क्षमतेच्या गाड्या ग्राहकांना मिळू लागल्या. त्या काळातील उंची मोटारींच्या प्रथेप्रमाणे कंपनी ग्राहकाला पूर्ण मोटार विकत नसे. ती विकत असे चॅसिस, म्हणजे चौकट, इंजिन, चाके व चालवण्याची यंत्रणा. त्यावर बॉडी कोणत्या धाटणीची असावी, बंद असावी की उघडी, याचा निर्णय ग्राहक घेत असे आणि घोडागाड्यांच्या कारागिरीतून पुढे आलेले स्वतंत्र कारखाने ती बॉडी बांधून देत असत. बेंटलीच्या कितीतरी गाड्यांना व्हँडेन प्लास या कारखान्याने चार आसनांची उघडी बॉडी चढवली : लाकडाची हलकी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेले कापडी आवरण आणि मागे दुमडून ठेवता येणारा घडीचा टप. आज ‘बेंटली’ म्हटल्यावर जी आकृती जाणकारांच्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती अशी दोन कारखान्यांच्या हातून घडलेली आहे.

कंपनी आपल्या चॅसिसची पाच वर्षांची हमी देत असे. बॉडीचे शिल्पकार वेगळे असल्याने ती या हमीत येत नसे. चॅसिसचा क्रमांक वेगळा, इंजिनाचा वेगळा आणि सरकारी नोंदणीचा वेगळा, अशी तिहेरी ओळख प्रत्येक गाडीला जन्मतःच मिळे. मोटार ही ‘एक’ वस्तू आहे, ही समजूत या व्यवहारात पहिल्यापासूनच सैल होती. एकाच चॅसिसवर तिच्या आयुष्यात दोन-तीन बॉड्या चढणे, अपघातानंतर एका गाडीचा आस दुसरीला लागणे, जुन्या चौकटीवर मोठ्या क्षमतेचे इंजिन बसणे, या गोष्टी त्या काळी नित्याच्या होत्या.

‘ल मां’ची शर्यत १९२३ साली सुरू झाली. सर्वसामान्य प्रवासी मोटारींचा टिकाऊपणा अजमावणे हा तिचा जाहीर हेतू होता. म्हणून आरंभीच्या वर्षांत उघड्या गाड्यांच्या चालकांना शर्यतीत थांबून घडीचा टप उभारावा लागे आणि ठरावीक फेऱ्या तो तसाच ठेवून गाडी हाकावी लागे. टपाची कापडी कामगिरीही इंजिनाइतकीच परीक्षेला बसलेली असे. बेंटलीने ही शर्यत १९२४, १९२७, १९२८, १९२९ व १९३० अशी पाच वेळा जिंकली. विजयी गाड्यांना नावे मिळत गेली. १९२७ची तीन लिटर गाडी ‘ओल्ड नंबर सेव्हन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. रात्रीच्या मोठ्या अपघातात सापडून, वाकलेल्या अवस्थेत ती शर्यत जिंकली होती आणि लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात झालेल्या सत्काराच्या मेजवानीत ती सन्माननीय पाहुण्यासारखी प्रत्यक्ष आणून उभी करण्यात आली होती. १९२८ची विजेती ‘ओल्ड मदर गन’ झाली. या नावांतील ‘ओल्ड’ हा शब्द वयाचा निदर्शक नाही, गाडी तर नवीच असे. मराठीत एखाद्या बैलाला वा तोफेला लडिवाळ नाव द्यावे, त्या जातीचे हे नामकरण आहे. नाव मिळाले की वस्तूला चरित्र मिळते. पुढे न्यायालयात जो वाद झाला, तो मूलतः या नावाचा वाद होता.

३

‘ओल्ड नंबर वन’ ही ‘स्पीड सिक्स’ या प्रकारातील गाडी. १९२८ साली विक्रीस आलेला हा प्रकार बेंटलीच्या साडेसहा लिटर गाडीची वेगवान आवृत्ती होता. सहा सिलिंडरांच्या त्याच्या इंजिनाची क्षमता ६,५९७ घन सेंटिमीटर होती. या प्रकारच्या एकूण १८२ गाड्या बनल्या. त्यांतील मोजक्याच कंपनीने स्वतः शर्यतीसाठी सिद्ध केल्या होत्या. एमटी ३४६४ या नोंदणी क्रमांकाची गाडी त्यांपैकी एक.

तिच्या मालकीचा विचार वूल्फ बार्नाटो यांच्यापासून करावा लागतो. त्यांचे वडील बार्नी बार्नाटो हे लंडनच्या गरीब वस्तीतून दक्षिण आफ्रिकेत जाऊन हिऱ्यांच्या व्यवसायात अमाप धन मिळवलेले गृहस्थ. किंबर्लीच्या हिरे-खाणींवर सेसिल ऱ्होड्स यांच्याशी त्यांनी केलेली स्पर्धा व अखेरीस १८८८ मध्ये ‘डी बीअर्स’च्या छत्राखाली झालेले एकीकरण हा वसाहतवादी भांडवलाच्या इतिहासातील प्रसिद्ध अध्याय आहे. १८९७ साली जहाजावरून समुद्रात पडून बार्नी यांचा मृत्यू झाला, तेव्हा वूल्फ दोन वर्षांचेही नव्हते. वारशाने आलेल्या या संपत्तीच्या बळावर १९२६ साली त्यांनी आर्थिक अडचणीत आलेली बेंटली कंपनी सावरली व ते तिचे अध्यक्ष झाले. किंबर्लीच्या खाणींत राबलेल्या आफ्रिकी मजुरांचे श्रम आणि क्रिकलवुडच्या कारखान्यातील यांत्रिकांचे कौशल्य यांची सांगड या गाडीच्या जन्मात अशी घातली गेली आहे. मोटारीच्या प्रचलित इतिहासांत यातील दुसऱ्या घटकाचा थोडाफार उल्लेख येतो. पहिल्याचा जवळजवळ येतच नाही.

कंपनीचा अध्यक्ष हाच तिचा शर्यतीतील चालक, ही स्थिती विलक्षण होती. बार्नाटो ‘ल मां’त तीनदा उतरले आणि तिन्ही वेळा जिंकले : १९२८ मध्ये बर्नार्ड रुबिन यांच्यासह, १९२९ मध्ये टिम बर्किन यांच्यासह आणि १९३० मध्ये ग्लेन किडस्टन यांच्यासह. १९२९ साली पहिले चारही क्रमांक बेंटलीने पटकावले. ‘ओल्ड नंबर वन’ त्यांत अग्रभागी होती. १९३० साली रुडॉल्फ काराचिओला यांच्या मर्सिडीजशी तिची गाठ होती. बर्किन यांनी आपली सुपरचार्जर बसवलेली बेंटली तिच्या मागे लावून दिली. मर्सिडीज रात्री निकामी झाली, बर्किन यांची गाडीही शर्यत पुरी करू शकली नाही, आणि ‘ओल्ड नंबर वन’ पुन्हा पहिली आली. एकाच गाडीने लागोपाठ दोनदा ‘ल मां’ जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. तिची पुढची सारी प्रतिष्ठा ‘एकाच गाडीने’ या दोन शब्दांवर उभी आहे आणि पुढचा सारा वादही याच शब्दांतून उद्भवला.

कारण १९२९ची विजेती आणि १९३०ची विजेती या दोहोंमध्ये एक हिवाळा गेला होता. कारखान्याने गाडी उघडून तिची फेरजुळणी केली होती. शर्यतीची गाडी ही हत्यारासारखी असते. ती धार लावून पुन्हा पुन्हा वापरायची असते, जपून ठेवायची नसते. कोणता भाग कधी बदलला याची काटेकोर नोंद ठेवण्याची निकड यांत्रिकांना वाटली नाही, यात नवल नाही. आपण एका ऐतिहासिक वस्तूवर हात चालवीत आहोत, असे त्यांना का वाटावे?

४

१९३०च्या विजयानंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. जागतिक मंदीने उंची मोटारींची मागणी आटली होती. त्याच वर्षी बाजारात आणलेल्या आठ लिटर क्षमतेच्या भव्य प्रकाराच्या अवघ्या १०० गाड्या झाल्या. जुलै १९३१ मध्ये कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. नेपिअर ही कंपनी ती विकत घेण्याच्या तयारीत असताना, एका मध्यस्थ संस्थेच्या आडून अधिक बोली लावून, रोल्स-रॉइसने नोव्हेंबर १९३१ मध्ये ती खरेदी केली. बेंटली यांना आपल्याच नावाच्या कंपनीवरचा अधिकार गमवावा लागला. माणसाचे नाव त्याच्यापासून वेगळे होऊन विकले जाऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कंपनी बुडाली तरी ‘ओल्ड नंबर वन’ची कारकीर्द संपली नाही. १९३१ साली ब्रुकलँड्सच्या बांधीव ट्रॅकवर झालेली पाचशे मैलांची शर्यत तिने जॅक डन्फी व सिरिल पॉल यांच्या हाती जिंकली. पुढच्या वर्षीच्या त्याच शर्यतीसाठी तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. चॅसिसची चौकटही एव्हाना वेगळी होती. २४ सप्टेंबर १९३२ रोजी जॅक यांच्याकडून गाडीचा ताबा घेतलेले त्यांचे बंधू क्लाइव्ह डन्फी ट्रॅकच्या उंच उतरत्या कडेवरून गाडीसह पलीकडे फेकले गेले आणि मृत्युमुखी पडले.

अपघातग्रस्त गाडी भंगारात गेली असती, तर तिचे चरित्र येथेच संपले असते. तसे झाले नाही. ती दुरुस्त करण्यात आली, तिच्यावर बंद, कूपे धाटणीची बॉडी चढली आणि शर्यतीची गाडी रस्त्यावरच्या वापराची गाडी झाली. पुढे अनेक वर्षांनी ही बंद बॉडी काढून टाकून ‘ल मां’च्या दिवसांतील उघड्या, चार आसनी घाटाची बॉडी नव्याने करण्यात आली. या शेवटच्या बदलाचे स्वरूप आधीच्या बदलांहून वेगळे आहे. आधीचे बदल गरजेपोटी झाले होते : वेग हवा म्हणून, मोडले म्हणून, रस्त्यावर वापरायचे म्हणून. शेवटचा बदल स्मृतीपोटी झाला. गाडीच्या आयुष्यातील कोणता क्षण तिचे ‘खरे’ रूप मानायचा, याची निवड त्यात होती आणि निवड विजयाच्या क्षणाची झाली. क्लाइव्ह डन्फी यांचा बळी घेणाऱ्या गाडीचे रूप कोणी पुनरुज्जीवित केले नाही.

५

१९८०च्या दशकात जुन्या दुर्मीळ मोटारींच्या किमती झपाट्याने वाढल्या. १९८७ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील लिलावात एका बुगाटी रॉयालला ५५ लाख पौंड मिळाले. या तेजीच्या ऐन भरात, ७ एप्रिल १९९० रोजी, ‘ओल्ड नंबर वन’च्या तत्कालीन मालकांनी ती मिडलब्रिज सिमिटर लिमिटेड या कंपनीला विकण्याचा करार केला. रोख रक्कम आणि काही गाड्या मिळून व्यवहार १ कोटी पौंडांचा होता. नंतर खरेदीदार कंपनीने माघार घेतली. समोर असलेली गाडी अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ नाहीच, हा तिच्या बचावातील मुख्य मुद्दा होता. मालकांनी दावा लावला आणि प्रकरण न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर आले. जुलै १९९० मध्ये त्यांनी निकाल दिला.

तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून न्यायमूर्तींनी गाडीच्या अंगाअंगाची जी छाननी केली, ती पाठचिकित्सकाने प्रतींची करावी तशी आहे. १९२९ साली ‘ल मां’ जिंकलेल्या गाडीपैकी, ज्यांचा काळ ठरवणे अशक्य आहे असे काही फुटकळ जोडसामान सोडले, तर काहीही शिल्लक नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९३०च्या विजेत्या गाडीपैकी केवळ तीन गोष्टी उरल्या होत्या : पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टीअरिंगचा दांडा. याउलट १९३२च्या, म्हणजे अपघातातल्या गाडीचा बराच ऐवज टिकून होता. चॅसिसची चौकट, सस्पेन्शन, आसांचे मुख्य भाग आणि आठ लिटरचे इंजिन त्यात मोडत होते.

या यादीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. गाडीला १ कोटी पौंडांचे मोल आले ते १९२९ व १९३० या दोन विजयांमुळे. परंतु त्या विजयांचे लोखंड जवळजवळ नाहीसे झाले होते. जे लोखंड हाताला लागत होते ते बव्हंशी मृत्यू घडलेल्या गाडीचे होते. तिची कीर्ती एका शरीराची आणि तिचे द्रव्य दुसऱ्या शरीराचे, अशी ही स्थिती होती. द्रव्याला प्रमाण मानणाऱ्याने ‘ओल्ड नंबर वन’ नष्ट झाली असे म्हटले असते आणि ते असमर्थनीय ठरले नसते.

न्यायमूर्तींनी तसे म्हटले नाही. गाडीला ‘मूळ’ हे विशेषण लावता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. पण ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’ आहे, असा निर्णय दिला आणि व्यवहार पुरा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर पडली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, नवे भाग या गाडीत इतक्या क्रमाक्रमाने आणि इतक्या दीर्घ काळात मिसळत गेले की कोणत्याही टप्प्यावर तिची ओळख पुसली गेली नाही. शर्यतीच्या चार हंगामांत तिच्या अस्तित्वात खंड पडला नाही. या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही बेंटली अस्तित्वात नाही आणि कधी नव्हती. ७ एप्रिल १९९० रोजी जे विक्रीस होते त्यात गाडीच्या धातूबरोबर तिचा इतिहास आणि तिची कीर्ती यांचाही समावेश होता.

६

सतत बदलत जाणारी वस्तू ‘तीच’ राहते काय, हा प्रश्न युरोपीय विचारपरंपरेत जुना आहे. प्लुटार्क यांनी थिसिअसच्या चरित्रात सांगितले आहे की, अथेन्सच्या नागरिकांनी त्याचे जहाज जपून ठेवले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या आणि ते जहाज तत्त्वज्ञांच्या वादाचा विषय झाले. सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज यांनी त्यात एक पेच घातला : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? जुन्या मोटारींच्या व्यवहारात हा पेच काल्पनिक नाही. काढून टाकलेले भाग दुसऱ्या गाडीत जातात आणि एकाच क्रमांकावर दोन गाड्या दावा सांगू शकतात. न्यायमूर्ती ऑटन यांच्या निकालात प्रतिस्पर्धी दावेदार नसण्याला जे महत्त्व आहे, ते हॉब्ज यांच्या पेचाच्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. दुसरी ‘ओल्ड नंबर वन’ उभी असती, तर सातत्याचा युक्तिवाद इतक्या सहज निभावला नसता.

शासकीय व्यवहाराने या प्रश्नाला दिलेले उत्तरही उद्बोधक आहे. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी यंत्रणेने मोठे फेरफार झालेल्या गाड्यांसाठी अनेक वर्षे एक गुणपद्धती वापरली. तिच्यात चॅसिसला ५ गुण, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग यांना प्रत्येकी २, तर इंजिनाला केवळ १ गुण होता. किमान ८ गुण भरले तर गाडीचा जुना नोंदणी क्रमांक कायम राहत असे. येथे ओळख ही अंकगणिताची बाब होते. न्यायालयाने मात्र बेरीज केली नाही. त्याने कथा तपासली आणि तिच्यात खंड आहे काय, एवढे पाहिले.

मराठीच्या शब्दसंपत्तीतून पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. ‘मूळ’ हा संस्कृतातून आलेला शब्द आणि ‘अस्सल’ हा अरबी ‘अस्ल’वरून आलेला शब्द, दोहोंचाही व्युत्पत्त्यर्थ एकच, झाडाचे मूळ. परंतु मराठीच्या वापरात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘मूळ’ काळाने पहिले असते. ‘अस्सल’ हा शब्द जुन्या दप्तरखान्यात ‘नक्कल’ या शब्दाच्या विरोधात रुळला. ज्या कागदाला शिक्कामोर्तबाचे प्रामाण्य आहे तो अस्सल, आणि त्याच्याबरहुकूम उतरवलेली ती नक्कल. नित्याच्या बोलण्यात हा शब्द आणखी पुढे गेला. काल शिवलेली कोल्हापुरी चप्पल अस्सल असू शकते. ती ‘मूळ’ आहे असे कोणी म्हणणार नाही. तिला अस्सलपणा येतो तो अखंड चालत आलेल्या परंपरेतून. इंग्लंडच्या न्यायालयाला दोन विशेषणांत जे अंतर करावे लागले, ते मराठी भाषकाच्या कानाला आधीच परिचित आहे.

पाठचिकित्सेचा अनुभवही येथे उपयोगी पडतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने उपलब्ध हस्तलिखितांवरून पोहोचता येईल असा सर्वांत प्राचीन पाठ शोधला. हा पाठ म्हणजे व्यासांची आद्य संहिता असा दावा विष्णु सीताराम सुकथनकर यांनी केला नाही. दुसरीकडे नीलकंठांच्या टीकेसह शतकानुशतके वाचला गेलेला रूढ पाठ आहे. त्यात प्रक्षेप आहेत, तथापि परंपरेचे सातत्य त्याच्याच बाजूला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांना अपभ्रष्ट पाठ दूर करून जुने रूप सावरायचे होते. पण ती प्रतही पुढे परंपरेचाच भाग झाली. ‘ओल्ड नंबर वन’ची आजची बॉडी हे चिकित्सित आवृत्तीसारखे पुनर्रचित रूप आहे, तर तिची चौकट रूढ पाठासारखी, चालत आलेली आहे. न्यायालयाने अस्सलपणाचा मान दिला तो दुसऱ्या गोष्टीला. बॉडी जुन्यासारखी दिसते म्हणून गाडी अस्सल ठरली नाही. ती तशी दिसत नसती, तरीही निकाल बदलण्याचे कारण नव्हते.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येते. ग्रंथाच्या अनेक प्रती एकाच वेळी अस्सल असू शकतात, मोटार एकच असते. म्हणूनच ग्रंथाची मालकी आणि ग्रंथाचे वाचन या भिन्न गोष्टी राहतात. मोटारीच्या बाबतीत मात्र इतिहासच मालाबरोबर विकला जातो.

७

इतिहास हा विक्रेय ऐवज ठरला की कथेची तपासणी अधिक कडक व्हावी लागते. बार्नाटो यांच्याच दुसऱ्या गाडीची हकीकत या दृष्टीने महत्त्वाची आहे. मार्च १९३० मध्ये त्यांनी कान येथून निघणाऱ्या ‘ब्लू ट्रेन’ या आगगाडीपेक्षा आधी इंग्लंड गाठण्याची पैज मारली आणि ती जिंकली. गर्नी नटिंग या कारखान्याने बॉडी बांधलेली एक देखणी ‘स्पीड सिक्स’ कूपे पुढे ‘ब्लू ट्रेन बेंटली’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. टेरेन्स क्युनिओ यांच्या चित्रात तीच गाडी आगगाडीशी स्पर्धा करताना दिसते. परंतु ती कूपे बार्नाटो यांच्या ताब्यात आली मे १९३० मध्ये, म्हणजे पैजेनंतर. प्रत्यक्ष पैजेत धावली होती मलिनर या कारखान्याची बॉडी असलेली साधी बंद सलून. देखणेपणामुळे कथा चुकीच्या गाडीला चिकटली आणि तारखांनी ती सोडवली. ‘ओल्ड नंबर वन’च्या बाबतीत द्रव्य गेले आणि कथेचे सातत्य राहिले, ‘ब्लू ट्रेन’ कूपेच्या बाबतीत द्रव्य पुरेपूर अस्सल होते, पण कथा तिची नव्हती.

साहित्यानेही या गाड्यांच्या कीर्तीची वाटणी आपल्या पद्धतीने केली. इयन फ्लेमिंग यांच्या १९५३च्या ‘कसिनो रोयाल’ या कादंबरीत जेम्स बाँडकडे जी बेंटली आहे, ती ॲमहर्स्ट व्हिलिअर्स यांनी रचलेला सुपरचार्जर बसवलेली साडेचार लिटर गाडी होय. या सुपरचार्जरला स्वतः बेंटली यांचा विरोध होता. बर्किन यांच्या हट्टाने आणि डॉरोथी पॅजेट यांच्या पैशाने त्या गाड्या शर्यतीत उतरल्या आणि ‘ल मां’ त्यांना कधीच जिंकता आली नाही. कादंबरीने अमर केली ती हरलेली गाडी. बर्किन यांच्या नावावर १९३२ साली प्रसिद्ध झालेले ‘फुल थ्रॉटल’ हे आत्मचरित्र मायकेल बर्न या तरुण लेखकाने त्यांच्यासाठी लिहिले होते. लेखणी दुसऱ्याची, अनुभव बर्किन यांचा; ते आत्मचरित्र ‘मूळ’ नाही, पण अस्सल म्हणता येईल काय, हा प्रश्न मोटारीच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

१९९०च्या निकालाने दुर्मीळ मोटारींच्या व्यवहाराला एक तत्त्व दिले : वस्तूची ओळख तिच्या अखंड चरित्रात असते. हे तत्त्व स्वीकारार्ह आहे. मात्र त्याबरोबर येणारी जबाबदारीही स्वीकारावी लागते. चरित्र विकत घेणाऱ्याला त्यातील सोयीची प्रकरणे तेवढी घेता येत नाहीत. ‘ओल्ड नंबर वन’चा इतिहास अखंड आहे असे म्हणायचे, तर त्यात ब्रुकलँड्सची २४ सप्टेंबर १९३२ची दुपार येते, कारखान्यात तिचे भाग बदलणारे आणि ज्यांची नावे कोणत्याही चषकावर कोरली गेली नाहीत असे यांत्रिक येतात आणि तिला जन्म देणाऱ्या पैशाच्या मुळाशी असलेली किंबर्लीची खाणही येते. न्यायालयाने गाडी अस्सल ठरवली, ती ज्या चौकटीच्या व इंजिनाच्या सातत्याने, ते क्लाइव्ह डन्फी यांच्या अखेरच्या फेरीतून वाचलेले आहे. विजयाच्या घाटाची बॉडी त्यावर चढवलेली असली, तरी तिच्याखालचे लोखंड त्या दिवसाचे आहे, आणि या मोटारीचे चरित्र लिहिणाऱ्याला ते वगळता येणार नाही.